मेन पाडणारी माणसं

कॉम्प्युटरमधली माहिती कशानं जाते, असं विचारलं की लोकांना व्हायरस, वीज, जुनं यंत्र अशी उत्तरं हवी असतात. ती खोटी नाहीत. पण राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात बसून मी जे पाहिलं त्यावरून सांगतो, सगळ्यांत जास्त माहिती काळजी घेणाऱ्या माणसांनी घालवली. निष्काळजी माणसाचा कॉम्प्युटर धुळीत पडलेला असतो. एकाच फाइलच्या चार प्रती चार ठिकाणी विखुरलेल्या असतात आणि त्यानं आळसानं काहीच पुसलेलं नसतं. शोधलं की सापडतं. नीटनेटका, जबाबदार, घडी घातलेला रुमाल बाळगणारा माणूस दुकानाची पायरी चढला की मात्र मी धसका घ्यायचो.

दुकान खाली आणि घर वर, अशी आमची सोय होती. मी यंत्रं उघडायचो. फोन घेणं, गिऱ्हाइकांना बसवणं, त्यांचं ऐकून घेणं हे माझी बायको सुलभा करायची. मला माणसांपेक्षा यंत्रं बरी वाटायची आणि यंत्रांपेक्षा पुस्तकं. गिऱ्हाईक समोर असताना मी गप्प बसतो याचा अर्थ मी विचार करतो आहे, असं ती लोकांना सांगायची. बहुतेक वेळा मी चिडलेला असायचो.

जोतिबाच्या डोंगरावर फोटो स्टुडिओ चालवणारे एक गृहस्थ होते. भाविकांचे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांच्या मागे देऊळ लावून द्यायचे. त्यांचा कॉम्प्युटर उघडला तर आत सगळा गुलाल. पंख्यावर, तारांवर, चिपांच्या फटींत, जिथं हवा जाते तिथं गुलाल गेलेला.

"हा दुरुस्त करायचा की आंघोळ घालायची?" सुलभानं विचारलं.

मी त्या गृहस्थांना सीडीवर प्रती काढून ठेवायला शिकवलं. कॉम्प्युटर गेला तरी फोटो राहतील, सीडी मात्र जपून ठेवा, असं बजावलं. त्यांनी इतक्या जपून ठेवल्या की खंडेनवमीला कॅमेऱ्याशेजारी पाटावर मांडल्या आणि प्रत्येक सीडीला पाच बोटं हळदकुंकू लावलं. पुढं कॉम्प्युटर खरोखर गेला तेव्हा एकही सीडी वाचता येईना.

"अहो, कुंकू लावायचंच होतं तर छापील बाजूला लावायचं. चकचकीत बाजूला कशाला लावलंत?" मी म्हणालो.

"सायेब, देवाला पालथं ठिवत्यात व्हय कुटं?" ते म्हणाले.

म्हणूनच पुढं ऑनलाइन बॅकअप नावाची गोष्ट आली तेव्हा मला ती फार आवडली. जिथं कुणाचा हात पोचत नाही अशा जागी प्रत ठेवायची. तिला गुलाल लागणार नाही, बुरशी लागणार नाही आणि तिची कुणी पूजा करणार नाही. आज या सोयीला क्लाउड म्हणतात आणि ती फोनमध्ये न मागता मिळते. तेव्हा ती आम्हाला समजावून विकावी लागायची.

समजावणं सोपं नव्हतं. एक वकील आले होते. तुमच्या फाइलींची प्रत परदेशातल्या मोठ्या यंत्रांवर जाऊन राहील, असं मी सांगितलं.

"तिकडं आमचं कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"बँकेत तरी तुमचं कोण असतं?" सुलभा म्हणाली.

"हाय की. मेव्हणा हाय."

तरीही आम्ही ते सॉफ्टवेअर बऱ्याच जणांच्या कॉम्प्युटरवर बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खूण यायची. सगळ्या प्रती वर पोचल्या असतील तर हिरवी, काही राहिलं असेल तर पिवळी. गिऱ्हाइकाला एवढंच लक्षात ठेवायचं होतं. अडचण वेगळीच निघाली. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे गोगलगाय, आणि दिवसा वापरलं तर बिल चढायचं. मध्यरात्रीनंतर सकाळपर्यंत मात्र हवं तेवढं वापरा, अशी योजना होती. म्हणून सॉफ्टवेअर रात्रीवर लावायचं आणि कॉम्प्युटर चालू ठेवून घरी जायचं, हे ओघानंच आलं.

इथं कोल्हापूरच्या दुकानदाराचा नेम आडवा आला. संध्याकाळी दिवाबत्ती होते. दुकान वाढवताना उदबत्ती फिरते, गल्ल्याला कुलूप लागतं आणि शेवटी मेन स्विचची दांडी खाली ओढली जाते. त्याला मेन पाडणं म्हणतात. मेन पाडलेला हात कपाळाला लावायचा आणि मग शटर ओढायचं. प्रत्येकाच्या ओळखीत कुणाचं तरी दुकान शॉर्टसर्किटनं गेलेलं असतं, त्यामुळे या नेमात सूट नाही.

मग सकाळी फोन यायचे.

"सायेब, तुमचं सॉफ्टवेअर चालत न्हाय. खूण पिवळीच हाय."

"रात्री कॉम्प्युटर चालू ठेवला होता का?"

"व्हय, चालूच ठिवलता."

"आणि मेन?"

"मेन पाडला की. मेन चालू ठिवून कोण घरी जातंय?"

हे संभाषण मी इतक्यांदा केलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. पण यातली खरी नामुष्की अशी की आमच्या स्वतःच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची खूणही पिवळीच असायची. सुलभा रोज मेन पाडायची. मी तिला सॉफ्टवेअर समजावलं, चित्र काढून दाखवलं, एकदा चढ्या आवाजात बोललो. "तुम्ही बॅकअप विका, मी दुकान सांभाळते," ती म्हणाली. मी वायरमनला बोलावून कॉम्प्युटरपुरता वेगळा स्विच काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तोही खाली. "नवीन दिसला, म्हणून तोही पाडला," ती शांतपणे म्हणाली. बॅकअप विकणाऱ्याच्या दुकानात बॅकअप पुरा होत नाही, हे गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नये म्हणून मी त्या पडद्याची दिशा भिंतीकडे केली होती.

ज्या प्रसंगासाठी हे सगळं सांगतो आहे, तो प्रज्ञा मॅडमचा. त्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. मूळ गाव चंदगड तालुक्यात. तिकडच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आणि भात लावतानाची गाणी त्यांनी तरुणपणी, नव्वदच्या सुमाराला, गावोगाव हिंडून टेप करून आणली होती. त्यावर प्रबंध लिहायचं मनात होतं; नोकरी, आईचं आजारपण यांत ते लांबत गेलं. चंदगडच्या पावसाळ्यांनी कॅसेटना बुरशी धरली, तेव्हा त्यांनी सगळा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि कॅसेट टाकून दिल्या. प्रत्येक बाईच्या नावाची एक फाइल. आमच्याकडून ऑनलाइन बॅकअपही घेतला. तेव्हा त्या शहरात भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या आणि तिथं मेन पाडणारं कुणी नव्हतं. कित्येक रात्री खर्ची पडल्या, पण सगळं वर पोचलं आणि खूण हिरवी झाली. आमच्या गिऱ्हाइकांत अशा हिरव्या खुणा फार थोड्या. त्यांचं उदाहरण मी लोकांना द्यायचो.

एका एप्रिलमध्ये त्या दुकानात आल्या. जोतिबाची चैत्री यात्रा नुकतीच आटोपली होती. एवढ्यात त्या कसबा बावड्यात वडिलांनी बांधलेल्या घरी राहायला गेल्या होत्या.

"दादा, वर ठेवलेल्यातलं एक गाणं खाली कसं घ्यायचं ते सांगा. परिसंवादात ऐकवायचं आहे."

"वरचं कशाला? तुमच्या कॉम्प्युटरवर आहे ना?"

"नाही, तिथलं पुसलं. पाडव्याच्या साफसफाईत. डिस्क भरली होती. वर सगळं आहेच, मग खाली कशाला अडगळ?"

मी सुलभाकडे पाहिलं. तिनं हातातलं बिलबुक खाली ठेवलं.

ही चूक मॅडमची एकटीची नव्हती. आपल्या घरांत माळा असतो. लागत नाही ते माळ्यावर टाकायचं आणि खालची जागा मोकळी करायची. वर टाकलेलं वर्षानुवर्षं तिथंच राहतं. लोकांना ऑनलाइन बॅकअप हा तसाच माळा वाटायचा. तो माळा नव्हे. तो आरसा. तुमच्या कॉम्प्युटरवर जे असेल त्याचं प्रतिबिंब तिथं असतं. तुम्ही आरशासमोरून बाजूला झालात की प्रतिबिंबही जातं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एक महिना थांबायचं, चुकून पुसलं असेल तर परत घ्यायला. मग कायमचं जायचं. मी हे गिऱ्हाइकांना सांगायचो. मॅडमनाही सांगितलं होतं, त्यांनी मानही डोलावली होती. कंपनीची इशाऱ्याची इंग्रजी पत्रंही त्यांना ईमेलवर आली होती. ती त्यांना जाहिराती वाटली.

पाडवा होऊन तीन आठवडे होत आले होते. हाताशी उरला होता जेमतेम एक आठवडा. मी ते सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या.

"त्यातल्या कितीतरी बायका आता नाहीत," त्या म्हणाल्या.

मी कंपनीला लिहिलं की मुदत वाढवा. उत्तर आलं, प्रिय ग्राहक, आपली मूळ फाइल कॉम्प्युटरला जोडलेली असल्याची खात्री करा. मी लिहिलं, मूळ फाइल नाही, तीच तर मागतो आहे. उत्तर आलं, प्रिय ग्राहक, आपल्या समाधानाची आम्हाला किंमत आहे. मी लिहिलं, डीव्हीडीवर घालून पाठवा. त्यावर कळलं की ती सेवा त्यांच्या देशाबाहेर नाही. पत्रांवर प्रत्येक वेळी वेगळं नाव असायचं आणि प्रत्येक नावाला माझं दुःख पहिल्यापासून सांगावं लागायचं.

आमच्या दुकानातून उतरवून घ्यावं तर गल्लीत गटाराचं काम निघालेलं. खणताना फोनची केबल तुटली होती आणि ती कुणी जोडायची यावर दोन खात्यांत वाद चालला होता. म्हणून मॅडमच्याच घरी, बावड्याला, त्यांच्या लाइनीवरून सगळं खाली घ्यायचं ठरलं. मी जाऊन एका गठ्ठ्यात सगळं मागवलं आणि रात्रीवर लावून आलो. सकाळी मॅडमचा फोन. काही उतरलं नाही, यंत्र बंद आहे. दुसऱ्या रात्रीही तेच. मध्ये वीज गेली की ते सॉफ्टवेअर पहिल्यापासून सुरुवात करायचं, त्यामुळे दोन रात्रींची कमाई शून्य.

"भारनियमन होतं का रात्री?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "नाही. आबा मेन पाडतात."

आबा म्हणजे त्यांचे वडील, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात घरची सगळी माणसं गच्चीवर झोपायची. वर जाताना आबा खालचा मेन पाडायचे.

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"दोन्ही वेळा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा 'व्हय' म्हटलं."

मी स्कूटरची किल्ली उचलली. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. सुलभा म्हणाली, "थांबा, मीही येते. तुम्ही तिथं जाऊन नुसते गप्प बसाल, आणि म्हातारा म्हणेल पाहुणा रागावलाय की मुका आहे."

आबा व्हरांड्यात पंख्याखाली बसले होते. उंच, हाडकुळे, पांढरीशुभ्र बंडी.

"या पावणं. यंत्र बिघाडलंय म्हणं तुमचं."

"आबा, तुम्ही मेन का पाडता?" सुलभानं विचारलं. हा प्रश्न इतक्या वर्षांत मी कुणालाच विचारला नव्हता. मी नेहमी, मेन पाडू नका, एवढंच सांगत आलो होतो.

"भुश्श्याची गंज पेटल्याली बघितलीसा कवा?" आबा म्हणाले. "कारखान्यात ऊस पिळून ऱ्हातंय त्यो भुस्सा. घराएवढी गंज हुती. येका ठिणगीनं पेटली. वरनं पाणी मारावं तर आत धुमसतीया. माज्याबरुबरचा येक गडी त्यात गेला. आता आमी सगळी वर गच्चीत झोपणार, खाली त्ये डबडं रातभर तापत बसणार. खाली पेटलं तर आमी उतरायचं कुटनं?"

"बरोबर आहे तुमचं," सुलभा म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. आम्ही याच्या उलट सांगायला आलो होतो.

"चालू यंत्रापाशी राखण पाहिजेच," ती म्हणाली. "मग तुम्हीच बसा की त्याच्यापाशी. रात्र सोडा, दिवसाच चालवू. बिल काय येईल ते येऊ दे. तुमच्या डोळ्यांदेखत चालेल आणि वास जरी आला तरी तुम्ही मेन पाडा."

"म्या बसू?"

"मग काय, हे बसणार? हे पुस्तक घेऊन बसले तर घर पेटलेलं यांना शेजारी सांगतील."

आबा हसले. उठून मागच्या दारी गेले आणि वाळूनं भरलेली एक बादली घेऊन आले. ती त्यांनी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली सरकवली. शेजारी स्टूल ठेवलं आणि बसले.

मी यंत्र चालू केलं. आता गठ्ठा नको, एकेक फाइल मागवू, म्हणजे वीज गेली तरी एकाच फाइलचं नुकसान, असं ठरवलं. मॅडमनी प्रबंधातल्या प्रकरणांप्रमाणे क्रम लावला होता. आधी जात्यावरच्या ओव्या, मग भात लावणीची गाणी.

"वेळ पुरेल का सगळ्याला?" सुलभानं मला विचारलं.

मी हिशेब सांगितला. भारनियमनाच्या वेळा वजा करता पुरणं कठीण होतं.

"मग प्रकरणं राहू देत," ती मॅडमना म्हणाली. "ज्या हयात आहेत त्यांच्याकडे तुम्हाला परत जाता येईल. गेलेल्यांना आधी उतरवा."

मला हे सुचलं नव्हतं, आणि मॅडमनाही.

"पण कोण कोण गेल्या ते मला कुठं माहीत आहे?" मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली."

"मला हाय की म्हाईत," आबा म्हणाले. "वाच नावं."

चंदगडकडची मयत आबांना कळत नाही असं होत नसे. कुणी गेलं की एसटीनं निरोप यायचा, आणि आबा मातीला नाही तर दिवसाला तरी जायचेच. मॅडम पडद्यावरची नावं वाचू लागल्या आणि आबा डोळे मिटून निकाल देऊ लागले.

"रखमा."

"गेली. घे तिला."

"सरसाबाई."

"गेली. दोघी जावा येकाच सालात गेल्या. दुसरीचं बी घे."

"पारू."

"ती गेल्यातच जमा हाय."

"आबा, जिवंत आहे की नाही?"

"हाय जिती, पर ऐकू येत न्हाय. गा म्हटल्यालं तिला कळायला नगं? घे तिला बी."

"आक्का," मॅडम वाचता वाचता थांबल्या. आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, त्याच्या आदल्या वर्षी गेलेली.

"तिला घे की, बघतीस काय माज्याकडं," आबा म्हणाले.

"गंगू."

"ती कुटं मरतीया. मागं गेलतो तवा तिनं माज्यावर कुत्रं सोडलतं. तिला ठेव शेवटाला."

गंगू ही आबांची चुलत बहीण, बांधावरनं बोलणं तुटलेली. मॅडम म्हणाल्या, आवाज म्हणावा तर गंगूआत्याचाच, बाकी सगळ्या तिच्या मागं म्हणायच्या. तरी तिचं नाव शेवटी गेलं. ती हयात होती.

पुढचे दिवस मी रोज बावड्याला खेप घालत होतो. आबा स्टुलावरून हलत नसत. जेवणाचं ताटही तिथंच. भारनियमन सुरू झालं की ते शिव्या घालायचे, त्या वीजमंडळाला की मला ते कळायचं नाही. वीज आली की मॅडमना हाक मारायचे, "प्रज्ञे, लाव तुजं." माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी यंत्राला हात लावला की टेबलाखालची बादली जागेवर आहे का ते वाकून बघायचे.

आक्काची फाइल उतरली तेव्हा मी तिथं होतो. मॅडमनी ती लावली. आधी कोंबड्याचा आवाज, मग खोकला, मग एक खणखणीत म्हातारी बोलली, "ए पोरी, त्ये डबडं लांब ठेव. तोंडाफुडं कुणी काय धरलं की मला गाणं सुचत न्हाय." मग पुन्हा खोकला.

"शिव्याच देतीया," आबा म्हणाले. "गाणं कवा म्हणणार?"

गाणं बरंच नंतर आलं. आबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "पयलं लाव. खोकल्याचं."

महिना भरला त्या दिवशी दुपारी पडद्यावरची उरलेली नावं एकेक करून नाहीशी झाली. गेलेल्या सगळ्या उतरल्या होत्या. हयात असलेल्यांतल्याही काही आल्या. गंगूची फाइल चालू असतानाच मुदत संपली. जे अर्धंमुर्धं आलं होतं ते उघडेना. मॅडम थकलेल्या होत्या, पण आनंदात होत्या. मे महिन्यात टेपरेकॉर्डर घेऊन त्या एसटीनं चंदगडला गेल्या, राहिलेल्यांना पुन्हा गायला लावायला.

परत आल्या त्या आबांना घेऊन थेट दुकानातच आल्या. गंगूआत्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं की ती शिमग्याच्या सुमारालाच गेली. म्हणजे मॅडमनी फाइली पुसल्या त्याच्याही आधी.

"मला कुणी सांगावा धाडला न्हाय," आबा म्हणाले.

सुलभानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी तो बघितलाही नाही.

"भांडण हुतं खरं. पर मातीचा सांगावा धाडत्यात की वो. वैऱ्याला बी धाडत्यात." मग ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे काही उपाय असेल असं त्यांना वाटलं असावं. "कुत्रं सोडलं तवा जितीच हुती की ती."

मी डोकं हलवलं.

"आबा, बाकीच्या सगळ्या तुम्ही उतरवून घेतल्यात," सुलभा म्हणाली. "चहा घ्या."

त्यांनी घेतला. नंतरही आम्हाला कुठं भेटले की ते सांगावा न आल्याचं बोलत. मॅडमचा प्रबंध पुरा झाला. गंगूच्या ओव्या इतर बायकांच्या तोंडून जेवढ्या मिळाल्या तेवढ्या त्यात आहेत.

या गोष्टीचा मला फार राग येत राहिला. कंपनीचा, त्या एका महिन्याच्या नियमाचा, गटार खणणाऱ्यांचा, माळा समजून खालचं पुसणाऱ्या सगळ्या नीटनेटक्या लोकांचा. मी सॉफ्टवेअर बसवून देताना माळा आणि आरसा हे जास्तच चढ्या आवाजात सांगू लागलो. "ओरडू नका," सुलभा म्हणायची, "त्यांना वाटेल त्यांनी आत्ताच काहीतरी पुसलं." पुढं भारनियमन संपलं, तरी संध्याकाळ झाली की ती खाली यायची, दिवा लावायची, दुकान वाढवताना उदबत्ती ओवाळायची आणि मेन पाडायची. आबांना तिनं, मेन का पाडता, असं विचारलं होतं. तिला तो प्रश्न मी कधी विचारला नाही. आमच्याकडे पेटलेली गंज नव्हती. तिच्या माहेरी काही झालं होतं का, तेही मला माहीत नाही.

ती गेली ती अचानक. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक होतं आणि ती फोनवर कुणाला तरी हिरवी खूण आणि पिवळी खूण समजावत होती. तिला दवाखान्यात नेलं. शेजारच्या दुकानदारानं आमचं शटर ओढून घेतलं. पुढचे दिवस दुकान उघडण्याचा प्रश्नच नव्हता.

सगळे विधी आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर मी खाली उतरलो आणि शटर वर केलं. आत उकडत होतं. अंधारात कुठंतरी पंखा घुमल्यासारखा आवाज येत होता. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, कॉम्प्युटर चालू आहे. त्या दुपारपासून तो चालूच होता, कारण मेन कुणी पाडलाच नव्हता. मी भिंतीकडे वळवलेला पडदा माझ्याकडे फिरवला. कोपऱ्यात हिरवी खूण होती. इतक्या वर्षांत ती मी आमच्या दुकानात पहिल्यांदा पाहिली. खाली लिहिलं होतं, तुमच्या सर्व फाइली सुरक्षित आहेत.

मी त्या उघडून पाहिल्या. गिऱ्हाइकांची नावं, कुणाचं कोणतं यंत्र दुरुस्तीला आलं, कुणाला कोणता सुटा भाग बसवला. सगळं तिनं टाइप केलेलं. खरोखर सगळं सुरक्षित होतं. तिचा असा एक शब्दही त्यात नव्हता.

त्या दिवशी मी काही काम केलं नाही. संध्याकाळी दिवा लावला. उदबत्ती ती कुठं ठेवायची ते मला माहीत नव्हतं, ती शोधावी लागली. मग मेन पाडला. हात आपसूक कपाळाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची नोंद केली आणि खूण पुन्हा पिवळी झाली. पुढं दुकान बंद करेपर्यंत मी ती तशीच ठेवली.